बत्तीचा पडदा

माझा पदर पेटला नसता तर मी त्या माणसाशी दोन शब्दसुद्धा बोलले नसते. बोलायला सवड होती कुणाला...

एकोणीसशे एकोणसाठचा जानेवारी. मी सत्तावीस वर्षांची, गावच्या शाळेत चौथीची बाई. घरी बाबा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले, उजवं अंग पार लुळं पडलेलं. आई जाऊन बारा वर्षं झालेली. बाबांची बहीण, माझी काशीबाई आते, घरात होती, पण तिचे गुडघे तिच्यापेक्षा म्हातारे. म्हणजे विहिरीचं पाणी मी काढायचं, बाबांचं अंग मी पुसायचं, त्यांना कुशीवर मी वळवायचं, पेज मी शिजवायची, आणि मग धावत शाळेत जाऊन चाळीस पोरांपुढे हसत उभं राहायचं. सूर्य रोज माझ्यानंतर उठायचा आणि माझ्याआधी झोपायचा. त्याच्याबद्दल मला काही फार माया नव्हती, खरं सांगते.

आणि नेमका त्याचाच धडा माझ्या वाट्याला आला. दिपोटी साहेब शाळा तपासायला येणार होते आणि चौथीला ‘सूर्य’ घ्यायचा असं मोठ्या गुरुजींनी ठरवून टाकलं. वर सुचवलं की पोरांना एकदा बत्तीवर न्या, उजेड म्हणजे काय ते डोळ्यांनी बघू दे. बत्ती म्हणजे आमच्या गावच्या दक्षिणेकडच्या टेकडीवरचं दीपगृह. माझ्या पायांना विचारून कुणी सुचवलं नव्हतं.

वर पोचेपर्यंत माझा जीव मेटाकुटीला आला. तिथला बत्तीवाला नवा होता. वालावलचा, नाव गुरुदास. खाकी कपडे, कानामागे पेन्सिल, बोलणं अगदी सरकारी. त्यानं दहा-दहा पोरांना वर नेऊन मोठं भिंग दाखवलं. माणसाच्या छातीएवढं काचेचं पिंप म्हणा ना. त्याला छोटं दार, आत जाळीचा दिवा. भोवतालच्या खिडक्यांना मात्र जाड पडदे ओढलेले. तो मला म्हणाला, बाई, एवढ्या पडद्यांना हात लावू नका. आणि पुढची दहा पोरं आणायला खाली गेला.

आत अंधूक होतं. पोरांना दिवा दिसेना, त्यांची कुरकुर सुरू झाली. मला वाटलं, दिवसाढवळ्या पडदे कसले, काच धुळीनं खराब होऊ नये म्हणून असतील. आमच्याकडे सायबाच्या खुर्चीवरसुद्धा कापड घालतात. मी एक पडदा सारला, भिंगाच्या दारातून वाकून दिवा दाखवू लागले. ही बघा जाळी, ही बघा नळी... आणि पोरं एकदम गप्प झाली. मला वास आला. माझ्याच पदरातून धूर निघत होता.

तेवढ्यात तो वर आला. एका हातानं पडदा ओढला, दुसऱ्या हातानं माझा पदर धरला आणि पिण्याच्या पाण्याचा अख्खा तांब्या त्यावर उपडा केला. मग सरकारी मराठी कुठल्या कुठे गेली.

“पडद्याक हात लावू नको म्हणान सांगललंय मा? भिंगातसून ऊन गेला की आग लागता. खाली घासलेट आसा, सगळी बत्ती पेटली असती.” मग माझ्या तोंडाकडे बघून आवाज खाली आला. “तुमका... भाजला नाय मा?”

भाजलं नव्हतं. पण शाळेत नेसायच्या दोन लुगड्यांपैकी एकाच्या पदराला चार आण्याएवढं भोक पडलं होतं. मला रडू आलं. भोकाचं नव्हे हो... पहाटे चारपासून उभी होते, त्याचं. दहा पोरांदेखत बाई भिंतीला टेकून रडते म्हणजे काय ते तुम्हीच समजा. तो गोंधळला. त्यानं आपलं स्टूल पुसलं आणि माझ्यापुढे ठेवलं. कुणी मला ‘बस’ म्हटल्याला किती दिवस झाले होते, मला आठवेना.

पुढच्या रविवारी तो आमच्या दारात उभा. हातात न सोललेला, असोला नारळ. म्हणाला, पदर काही मला भरून देता येणार नाही, पण धड्याला मदत करतो. दिवसभर सूर्य आणि रात्रभर बत्ती, दुसरं आयुष्यात आहे काय मला?

मी म्हटलं, मला वेळ नाही. तो म्हणाला, अर्धा तास. आत बाबा जागे होते, त्यांनी ओरडून विचारलं कोण आलंय. ‘बत्तीवालो’ म्हटल्यावर त्यांचा आवाजच बदलला. बाबा तीस वर्षं तांडेल होते, गलबतं घेऊन पार वेरावळपर्यंत गेलेले. बत्तीवाला म्हणजे त्यांच्या लेखी सोयराच.

त्या दिवशी बाबांनी त्याला आपलं घड्याळ दाखवलं. आमच्या छपराला एक काचेचं कौल होतं. त्यातून कवडसा पडायचा तो सकाळी कणगीवर, मग खांबावर, दुपारी बाबांच्या खाटेच्या पायावर. दोन वर्षांत बाबांना तेवढंच ऊन माहीत. कवडशावरून ते मला पाच मिनिटांच्या फरकानं वेळ सांगत. गुरुदास बराच वेळ तो कवडसा बघत बसला. मग सहज विचारल्यासारखं म्हणाला, तांडेलकाका, बाहेर अख्खा सूर्य असताना तुम्ही हे एवढंसं काय घेऊन बसलाय?

त्यानं आमच्या पडवीतली आरामखुर्ची आणली. एका बाजूनं त्यानं धरलं, एका बाजूनं मी. बाबा अंगणात आले. उन्हात बसले आणि डोळे मिटून घेतले, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहू लागलं. मी तोंड फिरवलं. मला माझीच लाज वाटली. दोन वर्षांत बाबांना बाहेर न्यावं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि आलं असतं तरी एकटीनं उचललं कसं असतं?

मग धडा. त्यानं माझ्या तळहातावर मोहरीचा एक दाणा ठेवला आणि मला उंबऱ्यावर उभं केलं. नारळ घेऊन तो विहिरीच्या दिशेनं चालू लागला, मोठ्यानं पावलं मोजत. तीस झाली तेव्हा बरोबर विहिरीच्या काठाशी पोचला. नारळ डोक्यावर धरून तो तिथून सांगू लागला. बाई, तुमच्या हातात आहे ती पृथ्वी. माझ्या डोक्यावर आहे तो सूर्य. एका रांगेत शंभरावर पृथ्व्या लावाल तेव्हा ह्याची रुंदी भरेल. आणि पोटात घालायच्या म्हटल्या तर तेरा लाख मावतील.

“आणि मधलं अंतर?” मी विचारलं.

“खरं म्हणाल तर नऊ कोटी तीस लाख मैल. आपल्या हिशोबानं तीस पावलं.”

“एवढ्या लांबून ऊन पोचतं?”

“इथवर तरी...” तो नारळाआडून बघत होता, “बरं पोचतंय.”

माझ्या हातातली पृथ्वी खाली पडली. शोधायच्या निमित्तानं मी खाली वाकले, तेवढंच बरं. मोहरीचा दाणा काय, पुन्हा थोडाच सापडतो.

“आणि जवळ आला तर?” मी वाकूनच विचारलं.

“जवळ इलो तर पदर जळता. तुमका अनुभव आसा.”

आते पडवीत कांदा चिरत होती. ती खोकली.

त्यानंतर तो दर रविवारी यायचा. बाबांना उन्हात बसवायचा, त्यांची दाढी करून द्यायचा. दाढीचा लहान आरसा बाबांच्या डाव्या हातात असायचा. हात बरा तेवढाच. एकदा बाबांनी त्या आरशात ऊन धरलं आणि कवडसा नेमका टेकडीवरच्या बत्तीवर फेकला. गुरुदास म्हणाला, मधल्या वारी असं केलंत तर मला वरच्या गॅलरीतून लख्ख दिसेल. बाबा दोन वर्षांत प्रथमच हसले, म्हणाले, म्हाताऱ्यानं बत्तीला डोळा घातला असं गाव म्हणेल.

मी दाराशी उभी राहून ऐकायची आणि सूर्य शिकायची. सूर्य हा एक तारा आहे. इतर ताऱ्यांसारखाच, फक्त आपल्याला जवळचा, म्हणून मोठा दिसतो. जमीन नाही, दगड नाही, नुसता तापलेल्या वायूचा गोळा. त्याच्यामुळे भात पिकतो, पाऊस पडतो, आमसुलं वाळतात. त्याच्याकडे थेट बघायचं नाही, डोळे जातात. आणि त्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. म्हणजे आपण बघतो तो सूर्य नेहमी आठ मिनिटांपूर्वीचा. हे ऐकून मी म्हटलं, म्हणजे तोसुद्धा माझ्यासारखाच, कुठंच वेळेवर पोचत नाही. त्यावर तो हसला नाही. म्हणाला, पोचतो ना पण. रोज पोचतो.

बघा, असल्या वाक्यावर माणसानं काय करायचं... मी पाणी तापलं का ते बघायला आत गेले.

दिपोटी आले. मी वर्गात मोहरी आणि नारळ काढला, एका मुलीला उंबऱ्यावर आणि दुसरीला अंगणात पाठवलं. दिपोटी खूश दिसत होते. जाता जाता त्यांनी सहज विचारलं की सूर्य इतका लांब आहे ते बरं की वाईट? शेवंती नावाची पुढच्या बाकावरची मुलगी उठली, हात बांधले आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, “बरा. जवळ इलो तर बाईंचो पदर जळता आनि बत्तीवाल्यांका येवन इजवूचो लागता.”

वर्ग हसला, दिपोटी हसले, मोठे गुरुजी छताकडे बघू लागले. शेरा उत्तम मिळाला. पण संध्याकाळपर्यंत ते वाक्य माझ्याआधी घरी पोचलं होतं. आतेनं माझ्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, पदर कोणी इजवल्यान ता आता सगळ्या गावाक म्हायत. मी म्हटलं, मग? ती म्हणाली, मग काय, पुढचा बघ... पदर वाळत घालून गप बसतंस काय तू?

मी गप्पच बसले. मला आवडत होता तो. सांगून टाकते, आता लपवायचं कशाला. रविवार जवळ आला की माझं अर्धं दुखणं कमी व्हायचं. पण बाबांना कुशीवर वळवणारे हात दोनच होते आणि ते माझ्या खांद्यांना जोडलेले होते. मुलीनं लग्न करून जायचं असतं. मी जाणार कशी?

फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी तो आला. बाबांना अंगणात बसवलं, दाढी केली, आणि मग मी पाणी काढत होते तिथं विहिरीवर आला. रहाटाचा दोर माझ्या हातातून घेतला. बदलीचा हुकूम आला होता. वेरावळकडच्या बत्तीवर. पुढच्या रविवारी दहा वाजता चार्ज द्यायचा आणि तसंच निघायचं.

घागर वर आली. ती त्यानं काठावर ठेवली, माझ्याकडे दिली नाही.

“मथुरा,” तो म्हणाला. आजवर नुसतं ‘बाई’ होतं. “तू माझ्यावांगडा येतलंस काय? तांडेलकाकांका घेवन. थय बत्तीखाली दोन खोल्यो आसत.”

बाबांना घेऊन... लोक म्हणतात तसं. पाहुण्याला जेवायला थांबा म्हणतात ना, तसं. लकव्याचा म्हातारा कुणी हौसेनं पदरात घेतो का? मला ते खरं वाटलंच नाही.

“मी दमलेय हो,” मी म्हटलं. “मला आता नवं काही... विचारसुद्धा करवत नाही.”

“दमलेल्या माणसाक मी धाव म्हणणंय नाय. बस म्हणतंय.” त्यानं दोर गुंडाळून ठेवला. “घाई नाय. धा वाजेपर्यंत मी वर गॅलरीत आसय. सूर्याचो उजेडय उशिराच येता.”

मी घागर उचलून घरात आले. मागे वळून बघितलं नाही. त्या आठवड्यात मी चाळीस पोरांच्या वह्या तपासल्या आणि एकीतलंही अक्षर मला आठवत नाही.

रविवार उजाडला. टेकडीवर बत्तीचे पडदे ओढलेले होते. सकाळी दिवा मालवला की तो पहिलं काम ते करायचा, आणि मग बत्ती डोळे मिटून बसल्यासारखी दिसायची. मी अंगण सारवत होते. आतून बाबांची हाक आली. कवडसा कणगीवरून खांबावर गेला, नऊ वाजून गेले, बत्तीवाला कसा आला नाही अजून?

मी सांगितलं, येणार नाही. आज जातोय वेरावळला.

“माका उन्हात कोण नेतलो?”

मग मात्र माझा बांध फुटला. दाराला धरून मी सगळं सांगून टाकलं. त्यानं काय विचारलं, मी काय म्हटलं, तुम्हाला टाकून मी कुठं जाणार, आणि तो तोंडदेखलं म्हणाला तांडेलकाकांना घेऊन म्हणून... बाबा ऐकत होते. आते चुलीपाशी होती, तीही ऐकत होती.

“मगे,” बाबा म्हणाले, “माका कोणी इचारल्यान?”

मला समजलंच नाही.

“मी खंय नको म्हटलंय? दोन वर्सां ह्या छप्पर बघतंय मी. वेरावळ माझ्या पायाखालचा बंदर. तो माका न्हेतंय म्हणता आनि तू माका इचारीत पण नाय? मी काय कणगी आसय, हयच ठेवची?”

मी खाली बसले. दोन वर्षं मी ह्या माणसाला वळवलं, पुसलं, भरवलं, आणि त्याला काय हवं ते एकदाही विचारलं नाही. दमलेलं माणूस विचारत नाही हो, नुसतं करत राहतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आते पुटपुटली. मग पदर खोचून उठली. म्हणाली, माझं काय, मी इथंच राहते, घराला दिवा लावायला कुणीतरी हवं. आणि आता रडत बसू नको, खुर्ची धर.

आतेचे गुडघे आणि माझी कंबर. कसं आणलं बाबांना बाहेर ते देव जाणे. दोनदा टेकवलं, एकदा खुर्ची उंबऱ्यात अडकली. अंगणात बसवलं तेव्हा मला धाप लागली होती. टेकडी चढून जायचं तर अर्धा तास, आणि दहा वाजायला पंधरा मिनिटं उरली असतील-नसतील. बाबांनी डाव्या हातानं दाढीचा आरसा मागितला. ऊन धरून बघितलं. कवडसा माडाच्या झावळ्यांवर भिरभिरला, हात स्थिर राहीना.

“धर गो,” त्यांनी आरसा माझ्यापुढे केला. “माझो हात थरथरता. आनि सांगूचा तुका आसा, माका नाय.”

मी आरसा घेतला. कवडसा कौलांवरून गेला, माडांवरून गेला, मग दिसेनासाच झाला. बाबा गलबत बंदरात घेत असल्यासारखे सांगत होते, जरा डावीकडे, जरा वर, आता धर तसाच. मी धरला. नऊ कोटी तीस लाख मैलांवरून आलेलं ऊन माझ्या ओंजळीत होतं आणि मी ते एका माणसाच्या डोळ्यांत फेकत होते.

बत्ती तशीच. डोळे मिटलेली.

गेला असेल, मी म्हटलं. बाबा म्हणाले, आठ मिनिटं थांब. आठ झाली की नाही कोण जाणे, कवडशाचं घड्याळ तर घरात राहिलेलं. माझे दंड भरून आले. आरसा खाली घेणार... तेवढ्यात वरच्या पडद्यांपैकी एक सरकला. एकच. आणि आतलं भिंग उन्हात असं लखलखलं की माझे डोळे मिटले. उघडले तोवर पडदा पुन्हा ओढलेला होता. दिवसा पडदा उघडायचा नाही म्हणून माझ्यावर ओरडलेला माणूस तो. माझा हात आपोआप पदराच्या भोकाकडे गेला.

मग तो टेकडीवरून उतरताना दिसला. चालत नव्हता. अंगणात पोचला तेव्हा खाकी सदरा भिजला होता, कानामागची पेन्सिल वाटेत कुठेतरी पडली होती. तो नुसता माझ्याकडे बघत उभा राहिला, आणि मी त्याच्याकडे. आमच्यामध्ये काही तीस पावलं नव्हती.

“येतंय मी,” मी म्हटलं. “बाबांका घेवन.”

“माका वाटला... तू इचार पण करूचं नाय.”

“केला. उशिरा केला.” आणि मग मी आतून स्टूल आणलं, पदरानं पुसलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. “आधी बसा. दमला असाल.”

तो बसला. चार्ज दिला का, असं बाबांनी विचारलं. नव्या बत्तीवाल्याच्या सहीसाठी धावत परत जायचं आहे, असं तो म्हणाला, पण उठला नाही. आते चहा टाकायला आत गेली. पुढचं सगळं ठरायचं होतं, वालावलला त्याच्या घरी कळवायचं होतं, शाळेत सांगायचं होतं, मुहूर्त काढायचा होता. त्यातलं काहीच त्या वेळी कुणी काढलं नाही. मी पायरीवर बसले. किती तरी दिवसांनी, काही हातात न घेता, नुसती बसले.

ऊन चढलं तेव्हा बाबांनी आत न्यायला सांगितलं. खुर्ची एका बाजूनं त्यानं धरली, एका बाजूनं मी.